परासरण नेमके कधी थांबते?

परासरण म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण द्राव्ये (विरघळलेले पदार्थ) अडवणाऱ्या पटलातून होणारे पाण्याचे वहन. शुद्ध पाण्यात ठेवलेल्या वनस्पतिपेशीच्या आतली आणि बाहेरची संहती, म्हणजे द्राव्यांचे प्रमाण, कधीच समान होणार नाही, मग पाणी आत शिरायचे थांबते कसे, हा आपला प्रश्न अगदी रास्त आहे. ‘संहती समान होईपर्यंत पाणी जाते’ हे नोट्समधले वाक्य इथे लागू पडत नाही.

पाण्याची दिशा जलविभवावरून, म्हणजे वॉटर पोटेन्शियलवरून ठरते. वातावरणीय दाबाखालील शुद्ध पाण्याचे जलविभव शून्य मानतात; द्राव्य विरघळले की ते ऋण होते, दाब वाढला की वर चढते, आणि पाणी जास्त जलविभवाकडून कमी जलविभवाकडे जाते. समजा, एखाद्या पेशीतील द्राव्यांमुळे येणारे विभव उणे 0.7 मेगापास्कल (दाबाचे एकक) आहे. ती शुद्ध पाण्यात टाकली की रिक्तिका (पेशीतील रसाने भरलेली पिशवी) फुगते, प्रद्रव्यपटल (पेशीचे आतले पातळ आवरण) पेशीभित्तिकेवर (बाहेरच्या कडक भिंतीवर) रेटले जाते आणि भित्तिका फारशी ताणली जात नसल्याने आतला दाब झपाट्याने वाढतो. तो 0.7 मेगापास्कलच्या आसपास पोचला की दोहोंची बेरीज शून्य होते आणि पाण्याचे निव्वळ वहन थांबते, मग आत द्राव्ये कितीही उरलेली असोत. मोटारीच्या टायरमधील दाबाच्या हा साधारण तिप्पट आहे. कोवळी देठे ताठ राहतात ती याच्याच जोरावर. तांबड्या रक्तपेशीला भित्तिका नसल्याने ती शुद्ध पाण्यात फुटते, म्हणून शिरेतून देण्याचे सलाइन शुद्ध पाणी नसून 0.9 टक्के मिठाचे द्रावण असते.

याच्या उलट, पाणी पेशीतून बाहेर जाताना डोळ्यांनी पाहायचे असेल तर ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या जांभळ्या बाजूचा पातळ पापुद्रा काढून त्यावर मिठाच्या तीव्र द्रावणाचा थेंब सोडावा. जांभळा भाग आधी कोपऱ्यांतून सुटतो आणि हळूहळू आकसून मधोमध गोळा होतो, हाच रससंकोच. भित्तिका आणि पटल यांच्यामधल्या जागेत काय असते, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. तिथे बाहेरचे मिठाचे द्रावणच असते, कारण भित्तिका मिठालाही अडवत नाही. अडवते ते पटल. या अवस्थेत भित्तिकेचा दाब उरलेला नसल्याने दोन्हीकडची द्राव्यसंहती मात्र खरोखरच जवळपास समान होते.

सोबत उकळलेल्या पानाचा पापुद्राही अवश्य पाहावा. त्यात रससंकोच होत नाही, कारण उष्णतेने पटल निकामी झालेले असते आणि जांभळा रंग नुसता बाहेर झिरपतो.