अर्ज भरायच्या आधी वही घेऊन फिर

पोरी,

परवा रात्री तुझा मेसेज आला, सोबत ते मतदारांना द्यायच्या निवेदनाचं पान पण मिळालं. दोनदा वाचलं, एकदा रात्रीच आणि एकदा सकाळी रियाज झाल्यावर, डोकं जरा शांत असताना. तू आपल्या बेळगाव भागातल्या संगीत शिक्षकांच्या संघटनेच्या निवडणुकीला उभी राहणार म्हणतेस, थेट अध्यक्षपदाला, याचा मला मनापासून आनंद झाला, कारण तुझ्या वयाच्या शिक्षकांनी आपल्या संघटनेकडं पाठ फिरवल्याला बरीच वर्षं झाली, मिटिंगला गेलं की समोर सगळी पांढरी डोकी, आणि नवीन पोरंपोरी फक्त परीक्षेचे फॉर्म न्यायला येतात नि तशीच जातात. तेव्हा तू उभी रहाच. खरं ते पान मात्र असंच्या असं पाठवू नको.

का ते सांगतो. पहिल्या बारा ओळीत तू कुणाकडं शिकलीस, कुठलं घराणं, विशारदच्या परीक्षेत किती मार्क, कुठल्या कुठल्या गणेशोत्सवात गायलीस हे सगळं आहे, तंबोऱ्यासोबतचा फोटो आहे, आणि शेवटी दोन ओळी की संगीताच्या प्रचार आणि प्रसारासाठी झटेन. हे पान एखाद्या मैफलीच्या निवेदकाच्या हातात द्यायला छान आहे. मत देणारा शिक्षक हे वाचून काय करणार? त्याला ठाऊक आहे की तू चांगली गातेस. त्याला बघायचंय की त्याच्या क्लासबद्दल तुला काय माहीत आहे, आणि या पानात एकाही शिक्षकाच्या एकाही अडचणीचं नाव नाही. हे वाचून तुला वाईट वाटेल, वाटू दे, मी तुला सा लावायला शिकवलंय तेव्हापासून सरळच बोलत आलोय.

संकेश्वरजवळच्या एका गावात एक बाई शिकवतात, त्यांच्याकडं मी गेल्या वर्षी गेलो होतो. घराच्या पुढच्या पडवीत क्लास, नऊ पोरं, महिन्याची फी तीनशे, त्यातली चार पोरं दोन महिन्यांनी एकदा देणारी. पेटीच्या भात्याला घडीवर चिकटपट्टी लावलेली, मधल्या सप्तकातला कोमल गंधार दाबला की वर यायचाच नाही, तेव्हा त्या गाता गाताच डाव्या हाताचा भाता सोडून बोटानं ती सुराची पट्टी उचलायच्या आणि परत भाता धरायच्या, इतकी सवय झालेली की पोरांना ते शिकवण्याचाच भाग वाटत होतं. पेटी दुरुस्तीला मिरजेला न्यायची तर दिवस मोडतो आणि तेवढे दिवस क्लास बंद, क्लास बंद तर फी बंद. बाई वीस वर्षांच्या सभासद आहेत. वीस वर्षांत संघटनेकडून त्यांच्या दारात कोण आलं असेल तर वर्गणी मागायला. आता तूच सांग, त्यांनी तुझ्या पानावरचा तंबोऱ्याचा फोटो बघून काय करायचं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की अर्ज भरायच्या आधी एक महिना फिर. सभासदांची यादी घे, एक साधी दोनशे पानी वही घे, आणि खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, गोकाक, अथणी, जिथं जिथं आपले शिक्षक आहेत तिथं जा. मत मागू नको. क्लास चालू असताना मागं बसून घे, झाल्यावर चहा घे, आणि विचार की किती पोरं, कुठल्या परीक्षेला बसवता, काय अडतंय. ऐकशील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. निवेदन त्या वहीतून आपोआप निघेल बघ.

परीक्षेचंच घे. आपल्याकडं दोन रस्ते आहेत, एक मिरजेच्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचा, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार असा, आणि दुसरा कर्नाटकचा ज्युनियर, सिनियर, विद्वत. बेळगाव शहरात बसून आपल्याला पहिलाच दिसतो कारण आपण सगळे त्याच रस्त्यानं आलो. गोकाक, अथणीकडच्या कितीतरी शिक्षकांची पोरं दुसऱ्यानं जातात. आपल्या संघटनेच्या कार्यशाळा बघ, सगळ्या मध्यमा-विशारदच्या अभ्यासक्रमावर. मग ते लोक कशाला येतील आणि का म्हणून वर्गणी भरतील? शिवाय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरला, आणि आपली सर्वसाधारण सभा कैक वेळा बरोबर त्याच्या तोंडावर लावलेली असते, ज्याच्याकडं पोरं जास्त तोच शिक्षक सभेला येऊ शकत नाही. ही असली साधी गोष्ट कुणीतरी ठरवून बदलायला पाहिजे, त्याला पैसा लागत नाही.

आता भाषेचं. हे मी तुला माझ्या चुकीवरूनच सांगतो. चिटणीस असताना एका वर्षी सभेची नोटीस मी फक्त मराठीत काढली. मुद्दाम नव्हतं, घाई होती, कन्नड करून देणारा मित्र आजारी होता, म्हटलं जाऊ दे एवढ्या वेळेला. सभेला कन्नड बोलणारा एकही शिक्षक आला नाही. आधी मला वाटलं पाऊस आहे. मग कळलं की पाऊस नाही, नोटीस. आपल्या भागात भाषेचं दुखणं काय आहे ते तुला मी सांगायला नको, 1956 पासून आपल्या घराघरात ते आहे, मराठी कागदासाठी आपण ऑफिसात किती खेटे घालतो आणि मिळाला नाही की पोटात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. आणि तेच मी दुसऱ्याला केलं होतं.

गोकाकला गेलो, तिथल्या एका वयस्कर शिक्षकांच्या घरी. रागावले नाहीत. बसा म्हणाले, आणि ती नोटीस त्यांनी त्यांच्या बंदिशींच्या वहीतून काढून दाखवली, घडी करून ठेवलेली. वही उघडीच राहिली म्हणून माझं लक्ष गेलं. यमनची बंदिश होती. शब्द ब्रजभाषेतले, लिपी कन्नड, मला अक्षर एक वाचता येईना. खरं एका अक्षराच्या डोक्यावर उभी रेघ होती, आणि तो तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, आहे हे मला कळलं, तार सप्तकावरचं टिंब कळलं, समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, फुली कळली. मी बोट ठेवून त्या खुणांवरून हळूहळू मुखडा गुणगुणलो, ते हसले आणि पुढची ओळ त्यांनी म्हटली. त्या वर्षापासून एकही कागद मी एका भाषेत काढला नाही. तू पण काढू नको, आणि निवेदनाचं पान दोन्ही भाषेत कर, नुसतं मशीनमधून काढलेलं भाषांतर नको, एखाद्या कन्नड शिक्षकाकडून वाचून घे, चुकीचं कन्नड छापलं तर न छापल्यापेक्षा वाईट दिसतं. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, 1924 चा जन्म, घरची भाषा कन्नड, शिकले मुंबईला देवधर मास्तरांकडं, राहिले देवासला, आणि मराठी माणसानं त्यांना आपलंच मानलं. आपली माती अशी आहे, आपल्या संघटनेचा कागद तसा असायला काय हरकत आहे.

आता मुख्य मुद्दा, जो तुला आवडणार नाही. अध्यक्षपदाला उभी राहू नको. या वेळी चिटणीसपदाला उभी रहा.

अध्यक्ष सभेत मधोमध बसतो, हार घेतो, भाषण करतो. संघटना चालते ती चिटणीस आणि खजिनदारावर. मिनिट बुक, पावती पुस्तक, सभासद नोंदवही, ऑडिट, आणि वार्षिक सभा झाली की 14 दिवसांत कार्यकारिणीची यादी सोसायटी रजिस्ट्रारकडं जायला पाहिजे, ही सगळी कामं ज्याच्या हाताखालून गेलीत त्यालाच अध्यक्ष झाल्यावर कळतं की आपण काय सही करतोय. कर्नाटकचा 1960 चा सोसायटी कायदा आहे, त्याची प्रत घे आणि आपली घटना घे, दोन्ही शेजारी ठेवून एकदा वाच, दोन संध्याकाळी पुरतात. अमेरिकेत संगीत शिक्षकांची एक राष्ट्रीय संघटना 1876 पासून चालू आहे, तिथं माणूस थेट अध्यक्ष होत नाही, आधी भावी अध्यक्ष म्हणून निवडून येतो, दोन वर्षं शेजारी बसून काम बघतो आणि मग खुर्चीवर. दीडशे वर्षं टिकलेल्या लोकांनी हे असंच ठरवलं नसेल. आपल्या घटनेत ती सोय नाही, म्हणून तुझी तू ती करून घे. दोन टर्म चिटणीस, मग अध्यक्ष. तुझं वय आहे, घाई कसली.

मतदार यादीबद्दल दोन गोष्टी आहेत आणि त्या तुला दुसरं कोण सांगणार नाही. यादी लागली की प्रत्येक नाव वाच. मी वाचलेल्या एका यादीत वारलेल्या तिघांची नावं होती आणि खानापूर भागातल्या एका जिवंत तबला शिक्षकाचं नव्हतं, शंभर रुपये थकले म्हणून काढलेलं, आणि थकल्याचं पत्र त्याला मिळालंच नव्हतं कारण पत्ता जुना. अशा माणसाला मुदतीच्या आत फोन कर, तो तुला मत देणार असो वा नसो. दुसरं, निवडणूक जवळ आली की कुणीतरी येऊन म्हणेल, मॅडम, चाळीस जणांची थकबाकी आपण भरून टाकू, पावत्या आपल्याकडं राहतील, मतं पक्की. हे होतं, मी होताना बघितलंय. तू ते करायचं नाही. एका रुपयाचं पण नाही. दुसऱ्यानं वर्गणी भरली की तो शिक्षक सभासद राहत नाही, कुणाचा तरी माणूस होतो, आणि पुढच्या सभेत हिशेबावर प्रश्न विचारायला त्याची जीभ उचलत नाही.

आणि वडीलधारी मंडळी तुला बोलावतील. कुणाच्या तरी घरी, चहा आणि कुंदा समोर ठेवून, म्हणतील बिनविरोध करूया, कलाकारांत निवडणूक शोभत नाही, तू पुढच्या वेळी बघ. त्यांच्या पाया पड, मान दे, आणि नाही म्हण. मला हे बिनविरोधचं कौतुक कधीच पटलं नाही. मतपेटी ठेवली की निदान एक दिवस अथणीच्या शिक्षकाला बेळगावातल्या टिळकवाडीतल्या माणसाइतकीच किंमत येते. त्याच दिवसासाठी सभेची वेळ पण मागून घे, सकाळी अकराची, म्हणजे लांबचा माणूस मत देऊन दिवेलागणीला घरी पोचतो. संध्याकाळी पाचला सभा लावली की सहा-साडेसहाला निम्मे लोक गाडीसाठी उठतात आणि मतदान उरलेल्या शहरातल्या लोकांत होतं. एकदा आमचा एक चांगला उमेदवार दोन मतांनी पडला, आणि त्याला मत देणारे तिघं तेव्हा बसस्टँडवर होते.

तू लिहिलंस की सर, तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांना एक फोन केला तर बरं होईल. नाही करणार. माझ्याकडं शिकलेले पन्नास-साठ जण आज शिक्षक आहेत, त्यातले बरेच माझ्या शब्दाबाहेर जाणार नाहीत, म्हणूनच करणार नाही. गुरूनं सांगितलं म्हणून दिलेलं मत गुरूचं असतं. तुझ्याविरुद्ध उभी राहणारी पण कुणाची तरी शिष्याच आहे, तिचे गुरू फोन करतील, मला माहीत आहे, त्या फोनांनी तू पडशील पण कदाचित. तरी नाही. तू त्यांच्या पडवीत जाऊन बस.

हे सगळं एवढं जीव तोडून का लिहितोय ते पण सांगतो. मी पेटीवाला. 1940 साली रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत राहिली, एकतीस वर्षं. आमच्या गावात पं. रामभाऊ विजापुरे पेटी शिकवत राहिले, पिढ्या तयार केल्या त्यांनी, आणि तिकडं ऑफिसातल्या कागदावर ते वाद्य नालायक ठरलेलं. ज्यांचं पोट त्या वाद्यावर होतं त्या गावोगावच्या मास्तरांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. आज उद्या असाच एखादा निर्णय येईल, परीक्षेचा, फीचा, शाळेतल्या संगीताच्या तासाचा, तेव्हा त्या संकेश्वरकडच्या बाईंच्या वतीनं पत्र लिहिणारं कुणीतरी हवं, आणि त्या पत्रात काय लिहायचं ते त्याला आधीपासून माहीत हवं.

पान परत पाठवतोय, लाल पेननं खुणा केल्यात. तंबोऱ्याचा फोटो काढ, तू शिकवतानाचा लाव, ती खानापूरची पोरं मांडी घालून बसलेली आहेत तो, त्यात तुझा चेहरा अर्धाच दिसतो खरं चालेल.

येत्या रविवारी मी संकेश्वरला जातोय. त्या बाईंच्या पेटीचं काम मिरजेला न नेता तिथंच होतं का बघायचंय, हत्यारं आणि पेटीचे दोन जुने सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, घेतलेत सोबत. साडेसहाला बसस्टँडवर ये. वही मीच घेऊन ठेवलीय, तू पेन आण.

तुझा
सर