वाचकांचे प्रश्न : मोठेपणी हेडगिअर वापरताना

दातांच्या तारांसोबत डोक्याला किंवा मानेला पट्टा लावून वापरायच्या हेडगिअरविषयी गेल्या काही महिन्यांत प्रौढ वाचकांची पत्रे आली आहेत. त्यांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वय ३८ वर्षे असून मी एका सहकारी बँकेत नोकरी करते. वरचे दात पुढे असल्याने गेल्या वर्षी तारा बसवून घेतल्या आणि त्यासाठी वरच्या दोन उपदाढा काढाव्या लागल्या. पुढचे दात मागे ओढताना दाढा पुढे सरकू नयेत म्हणून डॉक्टरांनी हिरडीतून हाडात बारीक स्क्रू बसवले होते, पण दोन वेळा बसवूनही ते सैल झाले. आता मानेमागे पट्टा असलेले हेडगिअर रोज बारा तास लावायला सांगितले आहे. पहिल्याच आठवड्यात दाढा इतक्या ठणकल्या की भाकरी चावता येईना. झोप नीट लागत नाही, आणि सासूबाई व दहा वर्षांची मुलगी यांच्यासमोर ते लावून बसायची लाज वाटते. कोणी आले की मी ते काढून ठेवते. सात-आठ तास लावले तर चालणार नाही का? की या वयात हा नाद सोडून द्यावा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. उपदाढा काढून झालेल्या आहेत, म्हणजे हे उपचार अर्ध्यावर सोडले तर दातांमधल्या फटी तशाच राहतील, त्यांत अन्न अडकेल आणि शेजारचे दात कलू लागतील. म्हणून सोडून देऊ नका. मात्र हेडगिअर नेमके कशासाठी दिले आहे हे समजून घेतल्याशिवाय रोज बारा तास ते लावण्याचे बळ कोणालाही येत नाही, आणि तुमच्या पत्रावरून ते तुम्हाला पुरेसे समजावून सांगितले गेलेले दिसत नाही.

उपदाढ काढली की प्रत्येक बाजूला साधारण ७ मिलिमीटर जागा मोकळी होते. ही जागा पुढचे दात मागे आल्याने भरते, तशीच दाढा पुढे सरकल्यानेही भरते. स्प्रिंगचे एक टोक पुढच्या दातांना आणि दुसरे दाढेला अडकवलेले असते, त्यामुळे दाढ पुढच्या दातांना ज्या जोराने मागे ओढते त्याच जोराने ती स्वतः पुढे ओढली जाते. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंची माणसे थोडीथोडी सरकावीत तसे हे घडते. समजा दाढ ४ मिलिमीटर पुढे आली, तर पुढच्या दातांना मागे येण्यासाठी उरतात फक्त ३ मिलिमीटर, म्हणजे ज्या कारणासाठी तुम्ही निरोगी उपदाढा काढून दिल्या ते कारणच निम्म्याहून अधिक वाया जाते. यासाठी दाढेला दातांव्यतिरिक्त दुसरीकडून आधार द्यावा लागतो. स्क्रू हा आधार हाडातून घेतात, तर हेडगिअर तो मानेवरून किंवा डोक्यावरून घेते.

स्क्रू टिकले नाहीत यात तुमचा दोष नाही. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा तो स्क्रू दाढांच्या मुळांमधल्या अरुंद हाडात बसवलेला असतो, आणि हाड पातळ असेल, मूळ अगदी लगत असेल किंवा भोवतालच्या हिरडीला सूज आली असेल तर तो सैल होतो. अशा स्क्रूंचा वापर गेल्या पंचवीस-तीस वर्षांतला आहे. त्याआधी दाढा जागेवर राखण्याचे खात्रीचे साधन म्हणून जगभरचे तज्ज्ञ हेडगिअरच वापरत असत. मानेच्या पट्ट्याचा जो प्रकार तुम्हाला दिला आहे, त्याचा प्रसार अमेरिकेतील सायलस क्लोन यांनी १९४७ च्या सुमारास केला. तुमच्या डॉक्टरांनी शोधलेला दुसरा मार्ग नवा नसला, तरी अनुभवाने पारखलेला आहे.

आता तासांविषयी. पुढचे दात ओढणारी स्प्रिंग दिवसाचे चोवीस तास काम करते, तर हेडगिअर लावलेल्या तासांपुरतेच काम करते. बारा तास लावले तर दाढेला निम्मा दिवस आधार मिळतो. सात तास लावले तर उरलेले सतरा तास दाढ एकटी पुढे ओढली जात असते, आणि हे नुकसान आरशात दिसत नाही, त्यामुळे सगळे सुरळीत चालले आहे असेच वाटत राहते. कमी पडलेले तास पट्टा घट्ट करून भरून काढता येत नाहीत. दाढा जागेवर राखण्यासाठी प्रत्येक बाजूला साधारण २५० ते ३५० ग्रॅमचा ताण पुरतो आणि डॉक्टर तो काट्याने मोजून ठरवतात. त्याहून जास्त ताणाने दाढ फक्त अधिक दुखते.

बारा तास सलग असावेत अशी अट नसते, मात्र त्यांतला मोठा भाग एकाच ओघात यावा. तुम्ही बँकेतून घरी येऊन सात वाजता हेडगिअर लावले, साडेआठला जेवणासाठी काढले, दात घासून नऊ वाजता पुन्हा लावले आणि सकाळी साडेसातला काढले, तर बारा तास पूर्ण होतात. जेवताना ते लावू नये, आणि स्वयंपाक करताना किंवा धावपळीच्या कामातही लावू नये, म्हणून संध्याकाळचा तो दीड तास वाचनाचा किंवा मुलीच्या अभ्यासाचा धरावा. रोजचे खरे तास एका वहीत लिहा. नियमित वापराने दाढा किंचित हलू लागतात आणि हेडगिअरची तोंडातली तार दाढेवर बसवलेल्या बारीक नळीत सहज जाते, त्यामुळे डॉक्टरांना तपासताना बरेचसे कळतेच. तरीही तुम्ही स्वतः खरा आकडा सांगणे महत्त्वाचे आहे. प्रामाणिक प्रयत्न करूनही नऊ तासांच्या पुढे जाता येत नसेल तर तसे सांगा, म्हणजे ते आराखडा बदलू शकतील. टाळूच्या मधल्या भागात स्क्रू बसवणे हा एक पर्याय त्यांना अवश्य विचारा, कारण तिथले हाड दाट असते आणि दाढांमधल्या जागेपेक्षा तिथे स्क्रू चांगले टिकतात. तुमच्या जागी मी असतो तर हा प्रश्न पुढच्याच भेटीत विचारला असता.

दुखण्याबाबत एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. दाढांचा ठणका साधारण दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि चार-पाच दिवसांत ओसरतो, परंतु दोन दिवस लावले, तिसऱ्या दिवशी पाहुणे आले म्हणून काढले, मग पुन्हा लावले, असे केले की तो दर वेळी नव्याने सुरू होतो. तुमचा त्रास लांबण्याचे हेच कारण असावे. सलग दहा दिवस नेमाने लावून पाहा. तोवर भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून, मऊ भात, मुगाची खिचडी, ज्वारीची आंबील असे खावे. फार ठणकल्यास आणि तुम्हाला यकृताचा वगैरे आजार नसल्यास पॅरासिटामॉल चालते. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या दात सरकण्याची क्रिया मंदावू शकतात, त्यामुळे त्या मनाने रोज घेऊ नयेत. दोन आठवड्यांनंतरही दाढेला जीभ लावणे सहन होत नसेल किंवा दाढ स्पष्टपणे डुलत असेल, तर भेटीची तारीख येण्याची वाट पाहू नये.

झोपेसाठी पहिले तीन-चार दिवस केवळ जागेपणी लावून जबड्याला सवय करावी आणि मग रात्रीचा वापर सुरू करावा, असे मी माझ्या प्रौढ रुग्णांना सांगतो. उताणे झोपणे सर्वांत सोयीचे असते. कुशीवर झोपल्यावर बाहेरची तार गालात रुतत असेल तर तिचा बाक डॉक्टरांकडून बदलून घ्यावा, घरी पकडीने वाकवू नये. केसांचा अंबाडा पट्ट्याखाली आला की पट्टा तिरपा बसतो, म्हणून रात्री सैल वेणी घालून ती पुढे घ्यावी. मंगळसूत्र किंवा साखळी पट्ट्यात अडकू शकते, तेव्हा झोपताना ती काढून ठेवणे उत्तम. मानेच्या मणक्यांचे दुखणे आधीपासून असेल, किंवा पट्टा लावल्यापासून हाताला मुंग्या येत असतील, तर हे डॉक्टरांना लगेच सांगायला हवे. अशा वेळी डोक्यावरून ओढणारा प्रकार देता येतो. मानेचा पट्टा दाढांना मागे ओढताना थोडे खालीही ओढतो, त्यामुळे लांबट चेहऱ्याच्या किंवा पुढचे दात एकमेकांना न टेकणाऱ्या प्रौढ व्यक्तीला तो बहुधा देतच नाहीत.

लाजेविषयी मी उपदेश करणार नाही, कारण ती खरी आहे आणि चेहऱ्यावर तार घेऊन घरात वावरणे सोपे नाही. तुमच्या मुलीला मात्र हे साधन हातात देऊन दाखवा, ते काय करते ते सांगा, आणि आईच्या तोंडात असताना त्याला हात लावायचा नाही हेही तितक्याच स्पष्टपणे सांगा. लपवलेल्या वस्तूची मुलांना भीती वाटते, तर समजलेल्या वस्तूची त्यांना चार दिवसांत सवय होते. सासूबाईंनाही महिने किती आणि तास किती हे एकदा मोकळेपणाने सांगितले की रोज दाराआड जाऊन काढण्याची वेळ येणार नाही. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी पाहुण्यांसाठी दोन तास काढून ठेवल्याने काही बिघडत नाही. त्या दिवशी सकाळी ते उशिरा काढावे.

प्रश्न : माझे वय ४४ वर्षे आहे. गेल्या आठवड्यात दोनदा सकाळी जाग आली तेव्हा हेडगिअरची तार तोंडातून बाहेर येऊन उशीवर लोंबत होती, आणि पट्टा मात्र मानेला तसाच होता. एकदा घाईत मी पट्टा न सोडताच तार ओढून काढली. यात काही धोका आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : धोका आहे, आणि तुमचे पत्र वाचून मला काळजी वाटली. तुमच्या डॉक्टरांना भेटेपर्यंत हेडगिअर लावणे थांबवा. काही दिवसांच्या खंडाने होणारे नुकसान भरून निघते.

पट्टा ताणलेला असताना तार नळीतून सुटली किंवा ओढली गेली, तर हातातून निसटताच ती रबरासारखी चेहऱ्याकडे परत येते. तिची आतली टोके बारीक असतात आणि ती डोळ्याला लागून दृष्टी गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेल्या आहेत. ती टोके तोंडातून आलेली असल्यामुळे त्यांच्यासोबत तोंडातले जंतू डोळ्यात जातात. सुरुवातीला जखम लहान दिसते, दुखतेही कमी, आणि म्हणूनच माणूस एक-दोन दिवस घरी काढतो आणि तेवढ्यात आत संसर्ग पसरतो. तारेचे टोक डोळ्याला निसटते लागले तरी त्याच दिवशी, रात्र असली तरी, नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि तार तोंडातली होती हे त्यांना आवर्जून सांगावे.

काढण्याचा क्रम कधीही बदलू नये. आधी पट्टा दोन्ही बाजूंनी सोडावा, मग तार बोटांनी धरून नळ्यांतून बाहेर काढावी. तुमची पत्नी किंवा घरातले कोणी मदत करत असेल तर त्यांनाही हा क्रम दाखवून ठेवा.

डॉक्टरांकडे दोन गोष्टींचा आग्रह धरा. जास्त ताण आल्यास आपोआप सुटणारी जोडणी पट्ट्याला असावी, आणि तार झोपेत नळीतून निघू नये यासाठी तिला अडकण असावी किंवा तिची टोके वळवून बोथट केलेली असावीत. यांपैकी एकच सोय असणे पुरेसे नाही. याशिवाय तार रात्री का सुटते याचे कारणही शोधायला हवे. दाढेवरचे कडे सैल झाले असेल, दोन्ही बाजूंचा ताण असमान असेल, किंवा तार नळीत पूर्ण आतपर्यंत जात नसेल. दुचाकीवर हेल्मेटखाली हेडगिअर लावून जाणारे रुग्ण मला भेटले आहेत. हे कटाक्षाने टाळावे.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. माझा वरचा जबडा पुढे आहे. एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे, परंतु हेडगिअरने लहान मुलांचा जबडा मागे राहतो असे मी ऐकले आहे. मी ते दोन वर्षे चिकाटीने वापरले तर शस्त्रक्रिया टळेल का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : जबड्याच्या बाबतीत टळणार नाही. वाढत्या वयातील मुलांमध्ये हेडगिअर वरच्या जबड्याची पुढे होणारी वाढ रोखून धरते आणि तेवढ्या अवधीत खालचा जबडा वाढून त्याच्या बरोबरीला येतो. त्यात जबडा मागे ढकलला जात नाही. मुलींमध्ये ही वाढ बहुधा चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत आणि मुलांमध्ये सतरा-अठराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण होते. तुमच्या वयात रोखायला वाढच उरलेली नाही, त्यामुळे चिकाटी कितीही असली तरी हेडगिअर फक्त दात सरकवेल किंवा दाढा जागेवर राखेल.

याचा अर्थ तुमच्यापुढे शस्त्रक्रिया हा एकच मार्ग आहे असा मात्र नाही. जबड्यांतला फरक मध्यम असेल तर उपदाढा काढून पुढचे दात मागे घेता येतात. त्याने जबडा तिथेच राहतो, पण ओठ मिटू लागतात आणि चेहऱ्याची बाजूची ठेवण बरीच सुधारते. फरक मोठा असेल तर असे केल्याने दात अनैसर्गिकरीत्या आत कलतात आणि नाक उगाच पुढे दिसू लागते. त्या वेळी शस्त्रक्रियाच बरी. तुम्ही कोणत्या गटात आहात हे डोक्याच्या बाजूने घेतलेल्या क्ष-किरण चित्रावर मापे काढूनच ठरते. हे चित्र आणि दातांचे साचे घेऊन दुसऱ्या तज्ज्ञांचे मत अवश्य घ्या. बांबोळी येथील शासकीय दंत महाविद्यालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे आणि जबड्याची शस्त्रक्रिया करणारा विभागही तिथेच असल्याने दोघांचे मत एकत्र मिळू शकते.