नातवाने फोनला विचारलं, मला का नाही?

प्रिय ताई,

मी 62 वर्षांची आहे. 34 वर्षं चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवते. एके काळी वर्गात 40 मुलं असायची, आता 6 आली तरी खूप. 2020 मध्ये चर्च बंद होतं तेव्हा मोबाईलवर वर्ग घेतले. हळूहळू मुलांचे कॅमेरे बंद होत गेले आणि मी काळ्या चौकोनांना दाविदाची गोष्ट सांगत बसायचे. आता कमिटी म्हणते, वर्ग बंद करू, छोटे व्हिडिओ करू, मुलं घरीच बघतील. माझा मुलगा चाळिशीचा आहे. तो चर्चला येत नाही, इअरफोन लावून कुठली कुठली प्रवचनं ऐकतो. हे सगळं मी सोसलं. पण माझा 16 वर्षांचा नातू, गेल्याच वर्षी दृढीकरण (मोठं होऊन आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा चर्चमधला विधी) झालेला, परवा सहज म्हणाला, 'आजी, मागितलेलं देव देत नसेल तर प्रार्थना करायची कशाला, असं मी एआयला विचारलं. भारी उत्तर दिलं त्याने.' मला रात्रभर झोप लागली नाही. ताई, मी शेजारच्याच खोलीत होते. माझं काय चुकलं? मी आता थांबावं का?

एक आजी

प्रिय आजी,

'मी शेजारच्याच खोलीत होते' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमचं सगळं दुःख त्यात आहे, म्हणून आधी त्याबद्दलच बोलते. कमिटीचं नंतर बघू.

नातवाने तो प्रश्न फोनला का विचारला असेल? फोन दचकत नाही. 'असं बोलू नये' म्हणत नाही, बाबांना सांगत नाही, डोळ्यांत पाणी आणत नाही. रात्री साडेअकराला प्रश्न पडला तर तेव्हाही जागा असतो. तुमच्यावर प्रेम नाही म्हणून त्याने तुम्हाला टाळलं, असं मला वाटत नाही. उलट तुमच्यावर प्रेम आहे म्हणूनच त्याला तुम्हाला दुखवायचं नसावं. आजीने आयुष्य ज्यावर उभं केलं, त्यालाच आपण हात घालतोय, हे 16 वर्षांच्या मुलाला कळतं. आणि आजी, त्याने ते शेवटी तुम्हाला सांगितलंच. सहज म्हणाला म्हणता, पण इतका मोठा प्रश्न कोणी सहज सांगत नाही. दार किती उघडतंय ते तो चाचपून बघत होता.

एक गोष्ट मनाला लावून न घेता आठवून बघा. तुमच्या वर्गात एखाद्या मुलाने पुस्तकात उत्तर नसलेला प्रश्न शेवटचा कधी विचारला होता? आपल्या संडे स्कूलमध्ये प्रश्न शिक्षक विचारतात आणि मुलं उत्तरं देतात. सुवर्णवचन पाठ म्हणायचं, रिकाम्या जागा भरायच्या, बक्षीस घ्यायचं. मीही तशीच शिकले आणि त्या पाठांतराचं ऋण मी कधी विसरणार नाही. पण बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात 12 वर्षांचा येशू मंदिरात सापडतो तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून त्यांचं ऐकत असतो आणि त्यांना प्रश्न विचारत असतो. त्याला कोणी गप्प केलं नाही. तुमचा नातू त्याच वयाच्या आसपासचा आहे, आणि त्याला विचारायला जागा फोनमध्ये मिळाली.

आता त्याच्या प्रश्नाकडे वळते, कारण तो माझाही होता. माझे वडील गेले तेव्हा मी 41 वर्षांची होते. ते बरे व्हावेत म्हणून आठ महिने प्रार्थना केली होती. नंतर मी बायबल मिटलं ते मिटलंच. आमच्या मंडळीतल्या एक वृद्ध बाई दर गुरुवारी दुपारी येऊन बसायच्या. बोलायच्या फारसं नाही. एका गुरुवारी त्यांनी चष्मा पुसला, माझंच बायबल उघडलं आणि 88 वं स्तोत्र हळू आवाजात वाचलं. त्या स्तोत्रात शेवटी दिलासा नाही. इतर स्तोत्रं रडत सुरू झाली तरी बहुतेक कुठेतरी वळतात, हे वळतच नाही, अंधारातच संपतं. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, 'हेही त्यात आहे हो.' मला 23 वं स्तोत्र वयाच्या सातव्या वर्षी पाठ होतं. 88 वं आहे हे 41 व्या वर्षी कळलं. मधल्या 34 वर्षांत मला कोणी काही शिकवलंच नव्हतं, आणि मीही शिकायला गेले नव्हते.

तुमच्या पत्राचं खरं मूळ मला इथे दिसतं. आपली मंडळी सहा वर्षांच्या मुलाला शिकवते, सोळाव्या वर्षी दृढीकरण करते आणि मग हात झटकते. नोकरी गेली, मूल झालं, लग्न मोडलं, जोडीदार गेला, म्हातारपण आलं, या प्रत्येक वळणावर विश्वासाला नवे प्रश्न पडतात आणि उत्तरं मात्र शाळकरी वयातली उरतात. लहानपणीचा सदरा मोठेपणी अंगाला होत नाही आणि माणसाला वाटतं, कापडच खोटं होतं. तुमचा मुलगा इअरफोनमध्ये जे शोधतोय ते मोठ्या मापाचं काहीतरी असणार. त्याच्यावर चिडचिड करू नका. त्याला भूक आहे, ही चांगली बातमी आहे.

वर्ग, बाकं, वयाप्रमाणे गट ही पद्धत प्रेषितांच्या काळापासूनची नाही. रॉबर्ट रेक्स यांनी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये संडे स्कूल सुरू केलं ते 1780 मध्ये. आठवड्याचे सहा दिवस कामावर राबणाऱ्या गरीब मुलांना रविवारी मोकळा वेळ असे, तेव्हा त्यांना वाचायला शिकवावं म्हणून. त्या काळच्या गरजेला दिलेलं ते उत्तर होतं आणि फार चांगलं होतं. त्याच्या कितीतरी आधी, चौथ्या शतकाच्या अखेरीस, एजेरिया नावाची एक यात्रेकरू बाई जेरुसलेमला गेली. तिने लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना बिशप ईस्टरआधीच्या उपवासकाळात रोज सकाळी तीन तास शास्त्र समजावून सांगत. ऐकायला मोठी माणसं असत. त्यांची जबाबदारी घेतलेले धर्मपिता आणि धर्ममाताही बरोबर बसत, आधीच बाप्तिस्मा झालेल्यांपैकी ज्यांना यायचं ते पुन्हा येत. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी 1529 मध्ये 'लहान प्रश्नोत्तरी' ही विश्वासाची शिकवण देणारी पुस्तिका काढली ती कुटुंबप्रमुखाने घरच्यांना शिकवावी म्हणून, आणि भिंतीवर लावायचे तक्ते छापले. छापखाना हे त्या काळचं नवं यंत्र होतं. पुढच्या वर्षी त्यांनी असंही लिहिलं की आपण एवढे पंडित असूनही रोज सकाळी मुलासारखे तीच आज्ञा, तीच प्रभूची प्रार्थना म्हणतो आणि विद्यार्थीच राहू इच्छितो. मुलांच्या हाती पुस्तक देणारा माणूस स्वतः त्या पुस्तकासमोर रोज बसत होता.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं वचन तुम्ही शेकडो वेळा शिकवलं असेल: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी या गोष्टी बोला. त्याच्या आधीची ओळ आपण घाईत ओलांडतो. ही वचनं आधी तुझ्या हृदयात असू देत, मुलांचं त्यानंतर. म्हणून मी तुम्हाला विचारते, आजी: 34 वर्षं तुम्ही शिकवलंत, या काळात तुम्हाला कोणी शिकवलं?

आता व्हिडिओंचं. कमिटीशी भांडू नका, पण 'वर्गाऐवजी व्हिडिओ' याला ठाम नाही म्हणा. व्हिडिओ वाईट असतात असं मुळीच नाही. लोकप्रिय बायबल अ‍ॅप युव्हर्जन 2008 मध्ये आलं. डोळे अधू झालेल्या कितीतरी लोकांना त्यामुळे वचन ऐकता येतं, आजारी माणसाला अंथरुणात उपासना मिळते. पण एका व्हिडिओनंतर पुढचा कोणता दाखवायचा हे व्हिडिओ साइटची यंत्रणा बघणाऱ्याची नजर किती वेळ खिळून राहील यावरून ठरवते. या मुलाची आई आजारी आहे, त्याला आज काय ऐकायला हवं, हे तिला ठाऊक नसतं. रागाचं, भीतीचं, जगाच्या अंताचं प्रवचन तिथे शांत प्रवचनापेक्षा वेगाने पसरतं. बायबल अ‍ॅपमधल्या सलग दिवसांच्या मोजणीबद्दलही मला काळजी वाटते. 112 दिवस वाचलं आणि एक दिवस चुकला की आकडा पुन्हा एकवर. आपला देव असा हिशेब ठेवत नाही, हे त्या मुलाला कोणीतरी तोंडाने सांगायला हवं.

प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय काढा. कूशी (इथिओपियाचा) अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय. गुंडाळी त्याच्या हातात आहे, आणि त्या काळी स्वतःची गुंडाळी असणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट. मजकुराची कमतरता नव्हतीच. सुवार्ता सांगणारा फिलिप धावत जातो, आधी ऐकतो, मग विचारतो, 'कळतंय का?' अधिकारी म्हणतो, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसं कळेल? आणि त्याला वर शेजारी बसायला बोलावतो. तुमच्या नातवाच्या हातात आज जगातल्या सगळ्या गुंडाळ्या आहेत. शेजारची जागा रिकामी आहे.

एआयचं उत्तर चांगलं असेलही. असंख्य माणसांनी लिहिलेलं वाचून ते यंत्र मांडणी करतं. कधी मात्र बायबलमध्ये नसलेलं वचनही ते अध्यायासकट ठोकून देतं, म्हणून संदर्भ कागदावरच्या बायबलमध्ये पडताळायची सवय मुलांना लावा. पण त्या यंत्राने कधी कोणासाठी आठ महिने प्रार्थना करून ते माणूस गमावलेलं नाही. तुम्ही गमावलं असेल. चार दिवसांनी 'तुझ्या त्या प्रश्नाचं काय झालं रे?' असं आपणहून विचारायला ते येणार नाही.

कमिटीपुढे हे मांडून बघा. मुलांसाठी व्हिडिओ मोठ्यांनी करण्यापेक्षा मुलांना फोन घेऊन मंडळीतल्या वृद्धांकडे पाठवा. प्रश्न एकच: 'तुमची ऐकली न गेलेली प्रार्थना कोणती?' दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करायचा. ते करायला मुलाला तासभर शेजारी बसावं लागेल, आणि मला तो तास हवा आहे. बायबलची गोष्ट शुक्रवारी आईवडिलांना ऑडिओने पाठवा, म्हणजे ती आधी मोठ्यांच्या कानावर पडेल आणि रविवारचा वेळ प्रश्नांना उरेल. सहा मुलं असतील तर सहा प्रश्न पुरे झाले. महिन्यातून एकदा चाळिशीच्या लोकांना बोलवा. घरी येतील, चर्चमध्ये येतील, दुसऱ्या देशातून स्क्रीनवर येतील, चालेल. एक बंधन मात्र पक्कं पाळा: कुठल्याही मोठ्या माणसाने मुलाशी एकट्याने खासगी चॅट करायचं नाही. गटात पालक आणि दुसरी एक जबाबदार व्यक्ती हवीच, आणि परवानगीशिवाय मुलांचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत. विश्वासू माणसं आहेत म्हणून यात सूट नको.

स्क्रीन कुठवर चालेल याचं माप मी योहानाच्या दुसऱ्या पत्रातून घेते. तो म्हणतो, लिहायचं पुष्कळ आहे, पण कागद आणि शाईने नको, मी येऊन समोरासमोर बोलेन. पत्र त्याने लिहिलंच, दूर असल्यामुळे लिहावंच लागलं. पण पत्रातच भेटीची ओढ आहे. तुमचा मेसेज, तुमचा व्हिडिओ भेट जवळ आणतोय की भेट टाळायची सोय करून देतोय, एवढं दर वेळी बघा.

मुलाशी वाद घालू नका. प्रेषितांच्या कृत्यांमधला अपुल्लोस नावाचा उपदेशक जाहीरपणे जोरात बोलत होता आणि त्याचं शिक्षण अर्धवट होतं, तेव्हा प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला आपल्याकडे नेऊन नीट समजावलं. चारचौघांत त्याची चूक काढली नाही. मुलाकडे एक इअरफोन मागा. एक त्याच्या कानात, एक तुमच्या. त्याला आवडलेलं एक प्रवचन शेवटपर्यंत ऐका आणि मग विचारा, 'तुला यात काय भिडलं?'

थांबू नका, आजी. पद्धत बदला, वाटल्यास वर्गाचं नावही बदला, पण त्या सहा मुलांना सोडू नका.

आणि नातवाला या आठवड्यातच म्हणा, 'फोनने दिलेलं ते उत्तर मला वाचून दाखवतोस का?' तो वाचेल तेव्हा मध्ये बोलू नका. पटलेलं पटलं म्हणा. मग तुमचं बायबल आणा, 88 वं स्तोत्र त्यालाच वाचायला लावा आणि तुमची न ऐकली गेलेली प्रार्थना कोणती होती ते त्याला सांगा. आजवर त्याला सांगितली नसेल, असं मला वाटतं. रडू आलं तर येऊ द्या.

काय म्हणाला ते मला कळवा. मी वाट बघते.

तुमची,
ताई