लिमिटेड एडिशन सुपरकार घेऊन पैसे वाढतात का?

मित्रा, उत्साह आवडला, पण आधी एक गोष्ट पक्की कर, नुसतं 'लिमिटेड' म्हटलं म्हणून भाव वाढत नाही. जॅग्वार एक्सजे२२० बघ, लोकांनी ॲडव्हान्स भरून नंबर लावले, मग कबूल केलेल्या व्ही१२ (बारा सिलिंडर) ऐवजी टर्बो व्ही६ (सहा सिलिंडर) इंजिन आलं, किंमत वाढली, त्यात १९९०च्या सुरुवातीची मंदी, आणि बरेच जण सौदा मोडायला कोर्टात गेले. उलट फेरारी एफ४० तब्बल १,३०० च्या वर बनल्या तरी आज कोट्यवधी मोजावे लागतात, कारण ती लोकांना खरोखर हवी आहे.

सुरुवातीला एवढंच बघ:

- कंपनी तशीच गाडी परत काढेल का? २०१६ची पोर्शे ९११ आर, फक्त ९९१ गाड्या, मॅन्युअल गिअर, भाव आभाळाला भिडले. पुढच्याच वर्षी पोर्शेचीच ९११ जीटी३ टूरिंग आली, तीही मॅन्युअल, आणि भाव धाडकन खाली. ज्यांनी ऐन गर्दीत वरचे पैसे देऊन घेतली ते अडकले, नवे लोक हीच चूक सगळ्यात जास्त करतात.
- करार वाच. फोर्ड जीटीला दोन वर्षं विकायची नाही अशी अट होती, कुस्तीपटू-अभिनेता जॉन सीनाने आधीच विकली तर कंपनीने २०१७ मध्ये केस टाकली.
- उभ्या गाडीलाही खर्च असतो. एफ४०च्या रबरी इंधन टाक्या न चालवताही जुन्या होतात, बदलाव्याच लागतात.

कर्ज काढून तर अजिबात नको. आधी लिलावांचे निकाल वर्षभर बघ, जुनी सर्व्हिस बिलं असलेली आणि नसलेली गाडी कितीला जाते ते लिहून ठेव, मग बजेट सांग, पुढचं बोलू.