हजाराचा डोंगल की पन्नास हजारांचा डॅक? आधी हेडफोन सांगा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. नवा अँड्रॉइड फोन घेतलाय, त्याला हेडफोनचा जॅक नाही, म्हणून यूएसबीला जोडायचा डॅक हवा, म्हणजे डिजिटल फाइलचं हेडफोनला लागणाऱ्या विद्युत-संकेतात रूपांतर करणारं यंत्र; डोंगल म्हणजे असाच एक छोटासा डॅक. जाता-येता लोकलमध्ये ३२ ओमचे (ओम हे विद्युत रोधाचं एकक) आयईएम, म्हणजे कानात घालायचे इयरफोन, आणि रात्री घरी भावाने पाठवलेला सेनहायझर एचडी ६००. ऐकणं मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत, जुनी हिंदी गाणी. दुकानदार म्हणतो कॉर्ड कंपनीचा मोजो २ हा महागडा डॅक घ्या, मित्र म्हणतो ॲपलचा डोंगल पुरे. किमतीत चाळीस-पन्नास पटींचा फरक, आणि दोघंही छातीठोकपणे बोलतायत.

मित्राचं बरंचसं बरोबर आहे. फक्त तुमचा फोन अँड्रॉइड आहे आणि घरचा हेडफोन ३०० ओमचा, या दोन गोष्टी त्याने लक्षात घेतलेल्या दिसत नाहीत.

माझ्याकडे दोन्ही टोकांची यंत्रं आहेत, त्यामुळे कुणाची बाजू घेण्याचं कारण नाही. माझं मत असं की या धंद्यात स्वच्छ आवाज केव्हाच स्वस्त झालाय. जास्तीच्या पैशात मिळतो तो जोर, बॅटरी, बटणं, इक्वलायझर आणि हातात घेतल्यावरचं समाधान. यातलं काही हवं असेल तर खुशाल खर्च करा. पण महाग डॅकमधून तानपुऱ्याचा आजवर न ऐकलेला तपशील बाहेर येईल या आशेवर करू नका.

२०१२ मध्ये ऑडिओक्वेस्टचा पहिला ड्रॅगनफ्लाय आला तेव्हा त्याची किंमत २४९ डॉलर होती, आणि पेनड्राइव्हएवढ्या आकारात असा आवाज ही तेव्हा नवलाई होती. २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ चा जॅक काढून टाकला, मागोमाग बाकीच्यांनीही काढला, आणि जगभर कोट्यवधी लोकांना डोंगलची गरज पडली. इतक्या प्रमाणावर बनायला लागल्यावर सिरस लॉजिकसारख्या कंपन्यांच्या उत्तम चिपा चिल्लर भावात मिळू लागल्या. ॲपलच्या यूएसबी-सी डोंगलची मापं बघा: खरखर आणि विकृती मिळून मूळ सुराच्या जवळजवळ १०० डेसिबल खाली. सीडीच्या १६ बिटांची सैद्धांतिक मर्यादाच ९६ ते ९८ डेसिबलची आहे. म्हणजे सीडीत जे मावू शकतं ते सगळं हा हजाराच्या आतबाहेरचा तुकडा बाहेर काढतो. मोजो २ याहूनही स्वच्छ आहे, नक्कीच आहे, पण तो फरक कानाच्या पलीकडचा.

त्यात तुम्ही काय ऐकता ते बघा. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांचं ध्वनिमुद्रित गाणं आपल्यापर्यंत आलंय ते ७८ गतीच्या तबकड्यांमधून, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं आणि मागे अखंड खरखर. बालगंधर्वांच्या तबकड्यांचं तेच. त्या खरखरीपुढे कुठल्याही डोंगलची स्वतःची खरखर हजारो पटींनी लहान असते. मोजोवर ती तबकडी लावली तर तबकडीची खरखर स्पष्ट ऐकू येईल, डोंगलवर लावली तरी तितकीच स्पष्ट. मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई यांच्या एलपीच्या काळातली मुद्रणं पुष्कळ चांगली आहेत, पण तिथेही टेपची सळसळ असतेच.

या संगीतात खरा फरक पडतो तो आवृत्तीने. एकच मैफल तीन ठिकाणी उपलब्ध असते: कुणीतरी एलपीवरून उतरवून यूट्यूबवर टाकलेली, कंपनीने जुन्या काळी सीडीवर काढलेली, आणि अलीकडे ‘स्वच्छ’ करून स्ट्रीमिंगवर चढवलेली. या शेवटच्या प्रकारात बरेचदा खरखरीबरोबर तानपुराही खरवडून काढलेला असतो. गायक दोन स्वरांच्या मध्ये थांबला की मागे पोकळी, सूर लागला की तानपुरा पुन्हा उगवतो. हे एकदा कानाला जाणवलं की पुढचं गाणं ऐकवत नाही. जुनी सीडी मिळवून ती संगणकावर उतरवून घेतलीत तर जो आनंद मिळेल तो कुठल्याही किमतीच्या डॅकने मिळणार नाही.

आता जोराचा भाग. तुमच्या बाबतीत खरा निर्णय इथे होतो.

ॲपलचा डोंगल पूर्ण आवाजाला साधारण १ व्होल्ट देतो. युरोपसाठीची ए-२१५५ क्रमांकाची आवृत्ती त्याच्या निम्मंच देते, तेव्हा परदेशातून कुणाकडून मागवणार असाल तर क्रमांक बघून घ्या. १ व्होल्ट ३२ ओमला म्हणजे ३१ मिलिवॉट. आयईएमची संवेदनशीलता दर मिलिवॉटला ११० डेसिबल धरली तर हा आकडा १२५ डेसिबलपर्यंत जातो, म्हणजे कान फाटतील. लोकलच्या प्रवासासाठी याहून जास्त जोर कशालाही नको.

एचडी ६०० चं गणित वेगळं. सेनहायझरच्याच आकड्यानुसार तो १ व्होल्टला ९७ डेसिबल देतो. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण हे शिखर झालं. ख्यालात विलंबिताचा सरासरी आवाज शिखरापेक्षा सहज २० डेसिबल खाली असतो, म्हणजे ऐकताना ७७. जुनी मुद्रणं मुळातच हळू आवाजात असतात, ते आणखी वजा करा. रात्रीच्या शांततेत चालून जाईल, पण आवाजाची पट्टी कायम शेवटाला टेकलेली राहील. २ व्होल्ट मिळाले की १०३, ४ व्होल्ट मिळाले की १०९. बस. ३०० ओमचा हेडफोन म्हटल्यावर लोक उगाच घाबरतात. त्याला व्होल्ट लागतात, वॉट फारसे लागत नाहीत. ४ व्होल्टलाही तो पुरते ५५ मिलिवॉट ओढत नाही.

आणि ४ व्होल्ट आता स्वस्त आहेत. मूनड्रॉपचा डॉन प्रो घ्या: सिरस लॉजिकच्या दोन सीएस ४३१३१ चिपा, ३.५ मिमीच्या भोकातून २ व्होल्ट, ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड (दोन्ही कानांना तारांची स्वतंत्र जोडी देणाऱ्या) भोकातून ४ व्होल्ट, किंमत पाच हजारांच्या आसपास. बॅलन्स्डमुळे मंच, म्हणजे वाद्यं किती पसरलेली वाटतात ते, रुंद होतो वगैरे जे लिहिलं जातं त्याकडे दुर्लक्ष करा. तिथे व्होल्ट दुप्पट मिळतात, म्हणून आवाज मोठा होतो, आणि मोठा आवाज माणसाला नेहमीच चांगला वाटतो. एचडी ६०० ची केबल निघते, तेव्हा ४.४ ची वेगळी केबल लावता येईल. पण आधी २ व्होल्टवर ऐकून बघा, बहुधा गरज पडणार नाही.

अँड्रॉइडची भानगड अशी. ॲपलच्या डोंगलमध्ये आवाजाचं स्वतःचं नियंत्रण आहे, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनना ते वरपर्यंत नेता येत नाही. फोनची पट्टी पूर्ण वर, तरी आवाज मरतुकडा. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो हे ॲप घेतलं तर ते डोंगलशी थेट बोलतं आणि पूर्ण १ व्होल्ट मिळतो; पण त्या ॲपमधून जे वाजेल त्यालाच. स्पॉटिफाय, यूट्यूब यांचं रडगाणं तसंच राहतं. डॉन प्रोसारख्या डोंगलवर आवाजाची स्वतःची बटणं असतात, म्हणून तिथे हा घोळ होत नाही. बटणं नसलेला कुठलाही डोंगल अँड्रॉइडसाठी घेताना परत करण्याची सोय आहे ना हे विचारून घ्या. नकली ॲपल डोंगलांचाही सुळसुळाट आहे, तेव्हा रस्त्यावरचा दोनशेचा नको.

आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे यंत्राचा स्वतःचा रोध, याबद्दल थोडं, कारण हा एकच तांत्रिक आकडा कानाला खरोखर कळतो. अनेक ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या घटकांच्या) आयईएमचा रोध प्रत्येक सुराला वेगळा असतो. समजा खर्जात ५ ओम आणि वरच्या पट्टीत ४० ओम. यंत्राचा स्वतःचा रोध १० ओम असेल तर या दोन टोकांच्या आवाजात साडेसात डेसिबलची तफावत पडते, म्हणजे आयईएमचा स्वभावच बदलतो. १ ओम असेल तर तफावत दीडच्या आत येते. चांगले स्वस्त डोंगल १ ओमच्या आसपास असतात. मोजो २ चा आकडा ०.०६ ओम आहे. अशा विचित्र आयईएमला त्याचा फायदा होईल; तुमच्याकडचा एका डायनॅमिक ड्रायव्हरचा असेल तर शून्य.

मग मोजो २ कुणी घ्यावा? मी घेतला आणि मला आवडतो. रॉब वॉट्स यांनी त्यात बाजारातली तयार डॅक चिप न वापरता एफपीजीए (हवी तशी रचता येणारी चिप) वापरून स्वतःचं फिल्टर बसवलंय, चाळीस हजारांहून जास्त टॅप्सचं, म्हणजे गणिताच्या पायऱ्यांचं. अभियांत्रिकी म्हणून ते सुंदर काम आहे. त्याची बॅटरी वेगळी असल्याने फोनची संपत नाही. यंत्रातच चार पट्ट्यांचा इक्वलायझर आहे आणि तो कुठल्याही ॲपला लागू पडतो. माझ्या मते हीच त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट. गोट्यांसारखी रंगीत बटणं मात्र वैतागवाडी आहेत. कुठला रंग म्हणजे काय हे पाठ होईपर्यंत माणूस मेटाकुटीला येतो. खिशात तो गरम होतो, फोनला वीट बांधल्यासारखं वाटतं, आणि लोकलच्या गर्दीत केबल कुणाच्या बॅगेत अडकेल सांगता येत नाही. तो टेबलावर ठेवायचा डॅक आहे, जमलं तर प्रवासात न्यायचा.

महाग म्हणजे स्वच्छ हेही खरं नाही. सुट्या रोधकांच्या शिडीवर बांधलेले आर-टू-आर डोंगल कितीतरी जास्त किमतीला विकले जातात, आणि मापांत ते हजाराच्या डोंगलपेक्षा मागे असतात. त्यातल्या ओव्हरसॅम्पलिंगविना (मधले नमुने गणिताने न भरता) चालणाऱ्या मोडमध्ये ४४.१ किलोहर्ट्झची फाइल वाजवली की २० किलोहर्ट्झपाशी तीन डेसिबलची घसरण होते. हे गणितानेच होतं, त्यात गूढ काही नाही. ज्यांना तो ‘मऊ’ आवाज आवडतो त्यांना आवडू दे. तोच मऊपणा फुकटच्या इक्वलायझरमध्येही मिळतो, एवढंच.

हाय-रेझ, म्हणजे सीडीहून जास्त तपशिलाच्या फाइल, याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानदार तो मुद्दा काढणारच. ॲपल म्युझिक २०२१ पासून २४ बिट १९२ किलोहर्ट्झपर्यंत देतं आणि ॲपलचा स्वतःचा डोंगल मात्र ४८ किलोहर्ट्झवर थांबतो, यात काय ते समजा. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी हाय-रेझ ध्वनी थेट आणि मधे सीडीच्या दर्जाचं वळण घालून असा आळीपाळीने ऐकवला: ५५४ प्रयत्नांत २७६ अचूक उत्तरं, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. त्या चाचणीवर आक्षेप घेतले गेले, तेही रास्त होते, कारण वापरलेल्या काही डिस्कचं मूळच तितकं उच्च नव्हतं. पुढे २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ अभ्यास एकत्र केले, तेव्हा अचूकता ५२ टक्क्यांच्या जरा वर निघाली. आधी सराव दिलेल्या श्रोत्यांची ६० च्या आसपास. फरक अगदीच नाही असं म्हणता येणार नाही, पण लोकलमध्ये त्यासाठी पैसे मोजू नका.

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. घरी मल्टिमीटर असेल तर शंभरेक हर्ट्झचा साधा सूर वाजवा, दोन्ही यंत्रांच्या आउटपुटला एसी व्होल्ट मोजा आणि एका टक्क्याच्या आत जुळवून घ्या. एक टक्का म्हणजे डेसिबलचा अकरावा-बारावा हिस्सा, एवढं जुळलं की पुरे. स्वस्त मल्टिमीटर जास्त वारंवारतेला खोटं बोलतो, म्हणून शंभर. मग पाठ करून बसा आणि घरच्या कुणाला तरी यंत्रं बदलायला सांगा. दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखलंत तर महाग यंत्र बिनधास्त घ्या. निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता शंभरात एक आहे. आवाज न जुळवता केलेली तुलना, मग ती दुकानातली असो की यूट्यूबवरची, वाया गेलेला वेळ आहे.

तुमच्या जागी मी बटणंवाला, ३.५ मधून २ व्होल्ट देणारा पाच हजारांपर्यंतचा एक डोंगल घेईन, भारतात वॉरंटी देणाऱ्या विक्रेत्याकडून. तोच लोकलमध्ये, तोच घरी. आयईएम लावण्याआधी आवाज तळाला आणायची सवय लावून घ्या, कारण एचडी ६०० साठी चढवलेला आवाज आयईएमला थेट कानठळ्या बसवतो. आयईएमला दोन-तीन मापांच्या टिप्स (कानात बसणारी बोंडं) आणून नीट बसणारी शोधा. फट राहिली की खर्ज गळतो आणि लोकलचा खडखडाट आत शिरतो, मग माणूस आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल अशी आहे. लोकलमध्ये ती न कळत ओलांडली जाते.

भावाने पाठवलेला एचडी ६०० वापरलेला असेल तर त्याच्या कानावरच्या गाद्या दाबून बघा. चपट्या झाल्या असतील तर आवाज बदललेला असतो, आणि नव्या गाद्यांनी जो फरक पडेल तो तुम्हाला मल्टिमीटरशिवाय कळेल. फोनचं मॉडेल आणि मुख्यतः कुठलं ॲप वापरता तेही लिहा. सगळं ऐकणं स्ट्रीमिंगवरच असेल तर बिटपरफेक्टच्या (फाइल जशीच्या तशी डॅकपर्यंत पोचवण्याच्या) भानगडीत पडायचंच कारण नाही, आणि सीडी उतरवून घेतल्या असतील तर यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोच्या सेटिंग वेगळ्या सांगतो.