सूचनापेटी रिकामी का राहते

प्रिय मित्रा,

कायझेनची, म्हणजे कामातल्या छोट्या-छोट्या सुधारणा सुचवायची पेटी लावली, बक्षीसही जाहीर केलं, तरी जेमतेम तीन-चार चिठ्ठ्या आल्या म्हणून तू वैतागला आहेस. 'आपल्या लोकांना डोकं चालवायलाच नको' असं मात्र इतक्यात म्हणू नकोस.

माझ्या जुन्या कारखान्यात एका ऑपरेटरने फिक्स्चरच्या, म्हणजे मशीनवर जॉब (घडवायचा भाग) धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या कडेला रबरी पाइपचा तुकडा बसवला होता. जॉब चटकन बसायचा, ओरखडाही पडायचा नाही. पण स्टॉपवॉच घेऊन कुणी येताना दिसलं की तो तुकडा खिशात जायचा. कारण आधी एकाने सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, कमी करून दाखवला होता, तर लगेच टार्गेट वाढलं आणि लाइनवरचा एक माणूस कमी झाला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

पेटी असो, ट्रेनिंग असो, हे कशासाठी चाललंय ते कामगार आधी ताडतो. संशोधक लिसा निशी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००८ मध्ये मांडला, त्यातही हेच दिसतं. कंपनीची धोरणं चांगल्या सेवेसाठी आणि आपल्या भल्यासाठी आहेत असं ज्यांना वाटे, त्यांचा कामावर जीव जास्त. खर्च वाचवायला आणि आपल्याला पिळायला आहेत असं वाटे, त्यांचा कमी.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना वाचून काढ. गैरहजेरी आणि तंट्यांसाठी तो बदनाम होता. १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत 'नम्मी' म्हणून उघडला, तेव्हा कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. दोष दिसला की दोरी ओढून लाइन थांबवायची मुभा प्रत्येकाला मिळाली. दोरी काय, कुठेही बांधता येते! पण पुढे १९८७-८८ मध्ये गाड्यांची मागणी घसरली, तेव्हाही कंपनीने कामगारकपात केली नाही. रिकाम्या हातांना ट्रेनिंग आणि कायझेनचं काम दिलं. माझ्या मते खरा विश्वास तिथे बसला.

म्हणून बक्षिसाची रक्कम वाढवत बसू नकोस. सुधारणेमुळे कुणाची नोकरी जाणार नाही, कंत्राटी पोरांचीही नाही, एवढं प्लांट हेडकडून लेखी घे. वेळ लागेल, भांडावंही लागेल. तोवर आलेल्या चिठ्ठ्यांना उत्तरं दे. ज्याच्या त्याच्या मशीनपाशी जाऊन, आणि नकार असेल तर कारण सांगून.

काय होतं ते कळव.