फायटरला फिल्टर लागतो का, आणि दर रविवारी सगळं पाणी बदलूनही टँक दुधाळ का होतो

तुमच्या प्रश्नावरून थोडक्यात असं दिसतंय की दहा लिटरचा काचेचा बोल (बाउल), त्यात एकटा फायटर, म्हणजे बेटा मासा, दुकानदार म्हणाला याला फिल्टर लागत नाही म्हणून आधी तसाच ठेवला, मग कुणाचं तरी ऐकून छोटा इंटर्नल फिल्टर लावला तर मासा दिवसभर त्याच्या मागे कोपऱ्यात दडून बसतो. दर रविवारी सगळं पाणी ओतून टाकता, तळाच्या दगडांना मीठ लावून घासता, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत धुता, तरी बुधवारपर्यंत पाणी दुधाळ. आता शेपटीच्या कडा पण फाटल्यासारख्या. आणि पुण्यात सोसायटीचं पाणी, कधी पालिकेचं, कधी बोअर, कधी टँकर.

तुम्ही आळशीपणा करताय असं अजिबात नाही, उलट तुमचा त्रास त्या रविवारच्या साफसफाईतूनच येतोय.

आधी फिल्टरचं बघू. दुकानदार अर्धं खरं बोलला. बेटाला डोक्यात लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, तो वर येऊन तोंडाने हवा घेतो, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन कमी असला तरी तो तगतो आणि म्हणूनच दुकानात त्या ग्लासात रांगेने ठेवलेले दिसतात. पण हवा घेता येणं आणि घाण पाणी चालणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो, उरलेले पेलेट्स (खाण्याचे दाणे) कुजतात त्याचाही अमोनिया होतो, आणि तो कल्ले जाळतो, मग मासा वरून कितीही हवा घेऊ दे. त्या अमोनियाचं पुढे नायट्राइट होतं, ते तर रक्तात शिरून हिमोग्लोबिनच निकामी करतं, म्हणजे वरून घेतलेली हवा अंगात पोचवायला वाहनच उरत नाही. लॅबिरिंथचा तिथे उपयोग शून्य.

'थायलंडमध्ये डबक्यात राहतात की' हेही नेहमी ऐकू येतं. राहतात भातखाचरात, उथळ दलदलीत, पण ती खाचरं लांबच लांब पसरलेली असतात, त्यात गवत, चिखल, झाडांची मुळं, सगळं मिळून पाणी साफ करत असतं. उन्हाळ्यात आटून डबकं होतं तेव्हा मासा तिथे अडकतो, मजेत राहत नाही. आणि तिथले ब्रीडर बाटल्यांमध्ये ठेवतात हे खरंय, पण ते सारखं पाणी बदलत बसतात, तो त्यांचा धंदा आहे. (तिथे हा मासा २०१९ पासून राष्ट्रीय जलचर आहे, आपल्याकडे मात्र टेबलावरचा शोपीस.)

तर लागतो का? दहा लिटरला लागतो. फिल्टरशिवाय ठेवणारे लोक आहेत, नाही असं नाही, पण त्यांच्याकडे वीस-तीस लिटर पाणी आणि झाडांची गर्दी असते किंवा ते आठवड्यातून दोन-तीनदा न चुकता पाणी बदलतात.

आता दुधाळ पाण्याचं कारण. फिल्टरचं खरं काम कचरा गाळणं नाहीये, बॅक्टेरियांना राहायला जागा देणं आहे. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असतं, ते आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं. हे बॅक्टेरिया पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते स्पंजला, दगडांना, काचेला चिकटून राहतात. म्हणजे नुसतं पाणी काढलं असतंत तर एवढं बिघडलं नसतं, पण तुम्ही स्पंज क्लोरीनच्या पाण्यात धुता आणि दगड मीठाने घासता, म्हणजे दर आठवड्याला सगळी वस्ती बुलडोझर लावून पाडता. आणि हे लोक हळू वाढतात, सगळं मनासारखं असलं तरी दुप्पट व्हायला बहुतेक दिवसभर घेतात, शून्यापासून पूर्ण सायकल बसायला, म्हणजे दोन्ही गटांची पुरेशी वस्ती तयार व्हायला, चार ते सहा आठवडे. याउलट उरलेल्या अन्नावर जगणारे दुसरे बॅक्टेरिया तासाभराच्या आत दुप्पट होतात, त्यांना रिकामी जागा आणि खाणं मिळालं की ते फोफावतात, ते पाण्यातच तरंगतात आणि तेच तुमचं बुधवारचं दूध. त्याच्यावर क्लॅरिफायर (पाणी निवळायचं औषध) वगैरे ओतू नका, खाणं कमी केलं आणि हात लावला नाही तर आपोआप निवळतं.

मग आता काय करायचं, मासा तर आत आहेच. पहिलं म्हणजे दगड धुणं बंद. स्पंज महिन्यातून एकदा, तोही टँकमधून काढलेल्या जुन्या पाण्यात दोन-तीनदा दाबून, तपकिरीच राहू दे त्याला. पाणी एका दिवसाआड तीन-चार लिटर, सायकल बसेपर्यंत. ड्रॉपवाली टेस्ट किट घ्या, महाग वाटेल पण अमोनिया आणि नायट्राइट कळल्याशिवाय आपण सगळे अंधारातच बोलतोय. दोन्हीपैकी काहीही ०.५ पीपीएमच्या (दहा लाखात अर्धा भाग) आसपास दिसलं की त्या दिवशी तिसरा हिस्सा ते अर्धं पाणी बदला. दोन्ही शून्यावर टिकले आणि नायट्रेट दिसायला लागलं की सायकल बसली, मग आठवड्यातून एकदा पंचवीस-तीस टक्के पुरतं, नायट्रेट वीस पीपीएमच्या आसपास राहिलं तर उत्तम. ओळखीत कुणाचा जुना निरोगी टँक असेल तर त्याच्या स्पंजचा एक तुकडा मागून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये खुपसा, बाटलीतल्या बॅक्टेरियापेक्षा माझा यावर जास्त भरवसा. फक्त त्याच्या टँकमध्ये नुकतं काही आजारपण झालेलं नाही ना हे विचारून घ्या.

पेलेट एका वेळी तीन-चार, दिवसातून दोनदा, आणि आठवड्यातून एक दिवस उपास दिला तरी चालतो. खाली पडलेलं ड्रॉपरने लगेच उचला.

फिल्टरच्या मागे दडून बसतो त्याचं कारण बहुतेक प्रवाह. लांब फिन्सवाला (परांचा) बेटा म्हणजे पोहायला बोजड, त्याला सतत धार ढकलत राहिली तर तो थकतो आणि जिथे धार नाही तिथे जाऊन बसतो. ती आत ओढणारी जाळी फिन्स पण ओढते, शेपटी फाटायचं तेही कारण असू शकतं. हा फिल्टर ठेवायचाच असेल तर तोंड काचेकडे वळवा आणि आत ओढणाऱ्या बाजूला स्पंजचा तुकडा लावा. पण मला विचाराल तर तो काढा आणि एअर पंपवर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावा, पंपासकट हजाराच्या आत होतं सगळं. नळीला कंट्रोल व्हॉल्व्ह लावून बुडबुडे अगदी मंद करा. चेक व्हॉल्व्ह विसरू नका, पंप टँकपेक्षा खाली असला आणि लाइट गेली तर पाणी नळीतून उलटं पंपात येतं. मात्र बदलताना जुना फिल्टर लगेच फेकू नका, दोन्ही महिनाभर एकत्र चालू द्या, किंवा जुन्याचा स्पंज नव्याच्या शेजारी टाकून ठेवा. आणि रात्री आवाज होतो म्हणून बंद करायचा नाही, तुमच्या त्या बॅक्टेरियांना वाहता ऑक्सिजन लागतो, बेटासारखी वरून हवा घ्यायची सोय त्यांना नाही.

आता पाणी, इथे पुण्याची गंमत आहे. बोअरचं पाणी सहसा जड (क्षार जास्त), पीएच आठच्या आसपास (पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा, सात मधोमध, त्याखाली आंबट), पालिकेचं हलकं पण क्लोरीनवालं, पावसाळ्यात तर क्लोरीनचा वास नळाशीच येतो. टँकरचा काही नेमच नाही. जडपणाची फार काळजी करू नका, पीएचही सहा-सात ते आठपर्यंत बेटा जुळवून घेतो, त्याला त्रास होतो तो आज एक उद्या दुसरं अशा झटक्यांचा. म्हणून एक बादली फक्त माशासाठी ठेवा (साबण कधीच नाही), तिच्यात पाणी आदल्या दिवशी भरा, अँटिक्लोरीन (क्लोरीन मारणारं औषध) मोजून टाका. नुसतं दिवसभर उघडं ठेवलं तरी साधं क्लोरीन उडतं, पण पावसाळ्यात मी अँटिक्लोरीन टाकतोच. आरओचं पाणी एकट्याने वापरू नका, त्यात पीएच धरून ठेवणारे क्षारच नसतात, अचानक घसरतो. जड बोअरमध्ये थोडं मिसळलं तर ठीक.

पीएचचा अमोनियाशी संबंध आहे तो लक्षात ठेवा कारण यातच मासे मरतात. अमोनिया दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक बऱ्यापैकी निरुपद्रवी. पीएच सातला विषारी हिस्सा जेमतेम अर्धा टक्का, आठला पाच टक्क्यांच्या वर, म्हणजे एका अंकात दहापट. आता एखाद्याने महिनोन्महिने पाणी बदललंच नाही तर टँकचं पाणी आंबट होत जातं, अमोनिया साठलेला असूनही मासा ठीक दिसतो, आणि मग एक दिवस घाण बघवत नाही म्हणून तो निम्म्याहून जास्त पाणी बदलतो आणि बोअरचं आठ पीएचचं भरतो, सगळा साठलेला अमोनिया एका झटक्यात विषारी रूपात येतो, संध्याकाळी मासा उलटा. लोक म्हणतात नवीन पाणी मानवलं नाही. अशा जुन्या टँकमध्ये रोज थोडं थोडं, दहा-पंधरा टक्के, असं करत वर आणायचं.

तापमान २५ ते २८ ठेवा. मुंबईत हिवाळ्यात फारसा प्रश्न येत नाही, पण पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री एवढ्याशा बोलमध्ये पाणी पटकन गार पडतं, तेव्हा थर्मोस्टॅटवाला २५ वॉटचा हीटर बरा. वर झाकण ठेवा, उडी मारतात हे.

बदामाची पानं, म्हणजे रस्त्याकडेला असतात ती देशी बदामाची मोठी लाल होऊन गळणारी, ती टाकायला हरकत नाही. वाळलेलं, फवारणी नसलेलं पान धुऊन टाका, पाणी चहासारखं होईल, माशाला आवडतं. पण पान म्हणजे फिल्टर नाही.

शेपटीवर सध्या कुठलंही औषध नको. विशेषतः दुकानातलं निळं, मिथिलीन ब्लू, ते मुख्य टँकमध्ये ओतलं तर आत्ता बसायला लागलेले बॅक्टेरिया पण जातील. पाणी नीट झालं तर नुसत्या फाटलेल्या फिन्स आपोआप भरून येतात, कडेला पातळ पारदर्शक पट्टी दिसायला लागते ती नवीन वाढ. मात्र कडा काळ्या किंवा लाल होऊन रोज आत आत सरकत असतील, तर ती सडण आहे, मग वेगळ्या डब्यात ठेवून उपचार करावे लागतील. तेव्हा अमोनिया-नायट्राइटचे आकडे, पीएच आणि शेपटीचा बाजूने काढलेला एक फोटो टाका, मग औषधाचं बोलू.